पूर्वभय

तासगावच्या बाजारपेठेत केस कापायच्या दुकानांबाहेर हल्ली एकच पाटी मोठ्या अक्षरांत असते : 'कापलेले केस गिऱ्हाइकासमोर जाळून मिळतील.' दाढीचे दर खाली कुठेतरी, बारीक अक्षरांत. दुकानात शिरलं की जळक्या केसांचा वास नाकात बसतो, आणि गंमत म्हणजे तो वास आला की लोकांना बरं वाटतं. नाही आला तर माणसं खुर्चीतूनच मागे वळून विचारतात, "जाळलेत ना हो नक्की?"

अर्ध्या गावाने तर केस ठेवणंच सोडलंय. पुरुष तुळतुळीत, बायकांचे कानाच्या वर. स्थळांच्या जाहिरातीत पूर्वी 'मुलगी गोरी' लिहायचे, आता 'मुलीने केस राखलेले आहेत' असं लिहितात. म्हणजे आमच्याकडे घाबरण्यासारखं काही नाही बरं का, असं सुचवायचं. आणि हे सगळं कशामुळे, तर माणसाची भीती त्याच्या केसात साठते आणि ती वाचता येते, एवढ्या एका शोधामुळे. शोध लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आपल्याकडे टाळ्या आधी आणि विचार मागाहून, हे चालायचंच.

ओवी खराडेने मात्र केस राखले होते, चांगले पाठीवर रुळणारे. मिरजेच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. तिच्या केसांमागे हट्ट होता. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील, उदय खराडे, तासगावच्या घरात ताक पिऊन गेले. ताकात द्राक्षबागेवर फवारायचं औषध निघालं. तिची आई, रोहिणी, त्या खुनाबद्दल जन्मठेपेवर गेली आणि काही वर्षांत तुरुंगातच वारली. शेवटच्या भेटीत जाळीपलीकडून ती म्हणाली होती, "बाळा, मी काही केलं नाही. तू तरी खरं मान." ओवीने खरं मानलं. शाळेत 'खुनी बाईची पोर' म्हणून हिणवायचे तेव्हाही मानलं. आईचं नाव धुऊन काढायचं, एवढं एकच तिने आयुष्यात मागितलं होतं.

त्यासाठी आता कायदाही झाला होता. मेलेल्या कैद्याच्या वतीने त्याच्या वारसाला अपील करता येत होतं. त्याला मरणोत्तर अपील म्हणत, आणि त्यासाठी वेगळं न्यायालय होतं. अट एकच, मृताचे त्या काळातले केस पाहिजेत. आता तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे केस कोण जपून ठेवतं? बहुतेकांची अपिलं तिथेच बसायची. ओवीला मात्र सापडले. बंद पडलेलं तासगावचं घर तिने विकायला काढलं, तेव्हा न्हाणीघराजवळच्या कोनाड्यात एक कापडी पिशवी मिळाली. आत गुंतवळ होता.

गुंतवळ म्हणजे विंचरताना कंगव्यात अडकून निघणारे केस. त्या काळी बायका ते टाकत नसत. गल्लीतून केसवाली ओरडत जायची, तिला गुंतवळ दिला की ती बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर पिना द्यायची. खराड्यांच्या घरात माणूस गेल्यावर केसवाली त्या दारात थांबेनाशी झाली. व्हिसेऱ्याचा अहवाल यायला सहा महिने लागले, तोवर रोहिणी घरातच होती. मग अटक झाली, घराला कुलूप लागलं आणि पिशवी कोनाड्यात राहून गेली.

ओवीने ती पिशवी छातीशी धरून सांगलीच्या भयवाचन केंद्रात नेऊन दिली. आठवड्याने तिथल्या डॉ. यास्मिन मुजावर यांनी तिला बोलावलं. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर एक केस नव्हता. ओवी बघतेय हे पाहून त्या हसल्या.

"मला ठाऊक आहे ना, त्यातून काय काय निघतं," त्या म्हणाल्या. "ओवीताई, या पिशवीत कुणाकुणाचे केस आहेत?"

"आईचे."

"फक्त आईचे?"

"हो." मग ओवी अडखळली. "म्हणजे... घरात पिशवी एकच होती."

"तेच म्हटलं. तीन जणींचे आहेत. एक तुमच्या आईचे, एक लहान मुलीचे, ते तुमचेच. आणि तिसरी बाई तुमच्या वडिलांच्या रक्ताची आहे."

"आत्या," ओवी म्हणाली. "निमाआत्या. ती आमच्यातच राहायची. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. पण तुम्ही आईचेच वाचा ना."

"तसं करता येत नाही. नमुना एकदा जमा झाला की तो न्यायालयाचा. सगळा वाचावा लागतो, आणि परतही मिळत नाही. तुम्ही सही केलीत त्यावर छापलेलं होतं."

छापलेलं कोण वाचतं! ओवीने मान हलवली. तेव्हा तिला त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही. उलट हे होतं कसं, ते तिला समजून घ्यायचं होतं.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "केस मुळाशी रोज थोडा थोडा विणला जातो. त्या दिवशी रक्तात जे असेल ते त्या दिवसाच्या विणीत अडकतं. भीती वाटली की शरीर एक रस सोडतं, तोही अडकतो. एका दिवसाचा केस खसखशीच्या दाण्याहून लहान असतो, पण आमचं यंत्र त्याचेही बारीक काप करतं. मग कुठल्या प्रहरी माणूस किती भ्याला, त्याची रेषा काढता येते. भयरेषा म्हणतो आम्ही तिला."

"पण हे तर गळलेले केस."

"गळण्याआधी केस दोन-तीन महिने वाढायचा थांबतो. तुमच्या आईला लगेच अटक झाली असती तर तो दिवस या केसांत सापडलाच नसता. सहा महिने मिळाले म्हणून जमलं. घरात मृत्यू झाला की सगळ्यांच्या रेषेत एक मोठा धक्का उमटतो, त्यावरून आम्ही दिवस जुळवतो."

"आणि खून कुणी केला ते कसं कळतं?"

"भीती आधी वाटली की नंतर, यावरून. काही अचानक घडलं की माणूस नंतर घाबरतो. काय घडणार ते ज्याला ठाऊक असतं तो आधी घाबरतो. याला कायद्यात पूर्वभय म्हणतात. न्यायालय फक्त आदली रात्र आणि घटनेचा दिवस बघतं, ती खिडकी. तिच्या मागचं वाचायला बंदी आहे. लोकांनीच मोर्चे काढले होते, आमच्या संसारातलं सरकारने वाचू नये म्हणून. बरोबरच होतं ते."

ओवी त्या दिवशी बसमध्ये जवळजवळ गाणं गुणगुणत घरी आली. निमाआत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण हात अजून झपाझप चालायचे.

"आत्या, कोनाड्यातली गुंतवळाची पिशवी होती ना, ती कामाला आली बघ."

आत्याचे हात थांबले. "कुठं दिलीस?"

"न्यायालयात. आईच्या अपिलासाठी."

"अगं, त्यात सगळ्यांचे केस असायचे. माझे बी."

"असू देत की. तू थोडीच काही केलंयस?"

आत्याच्या मांडीवरची परात कलंडली आणि दाणे फरशीभर पसरले. ती ते गोळा करायलाही वाकली नाही.

"परत मागून बघ की गं," ती हळूच म्हणाली. "सांग, चुकून दिली म्हणून."

ओवी वाकून दाणे वेचायला लागली, कारण आत्याच्या तोंडाकडे बघायची तिला भीती वाटत होती. आणि भीती वाटतेय म्हटल्यावर तिचा हात आपसूक वेणीकडे गेला. आताची ही भीतीसुद्धा तिथे विणली जात असणार, या विचाराने तिला आणखीनच धास्ती बसली.

काही दिवसांनी ती अहवाल ऐकायला केंद्रात गेली. डॉ. मुजावरांनी पडद्यावर तीन रेषा काढल्या होत्या.

"ही तुमच्या आईची. सबंध खिडकीत सपाट. मृत्यूनंतर धक्का, त्याआधी काही नाही. पूर्वभय नाही, म्हणजे अपील मंजूर होणार. तुम्ही जिंकलात, ओवीताई."

ओवीला हुंदका आवरेना. तीस वर्षं धरून ठेवलेलं रडं होतं ते. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला, पण त्यांचं तोंड काही हसरं नव्हतं.

"ही तिसरी रेषा बघा. सकाळी सपाट आहे, दुपारपासून चढत गेलीय आणि संध्याकाळपर्यंत उतरलेली नाही. अगदी पुस्तकात छापावं असं पूर्वभय आहे. हा अहवाल पोलिसांकडे आपोआप जातो. मी थांबवू शकत नाही."

"आत्या?" ओवीने डोळे पुसले. "छे हो! काहीतरीच काय! आत्या झुरळालासुद्धा घाबरते. आणि बाबांना तर ती रोजच घाबरायची. आम्ही सगळ्याच घाबरायचो. बाबांची गाडी वाजली की घरात चिडीचूप. ताट भिरकावायचे, हात उचलायचे. आईला तर दुपार उतरली की कापरंच भरायचं."

डॉक्टरांनी मान वर केली. "आईला? रोज?"

"रोज."

डॉक्टर उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"दिवस जुळवताना आम्हाला मागचंही दिसतं," त्या म्हणाल्या. "दिसलं तरी विसरायचं, असा नियम आहे. मी विसरायचा प्रयत्न करतेय, जमत नाही. मी हे तुम्हाला दाखवलेलं नाही, समजलं?"

पडद्यावर रोहिणीचा सबंध केस उलगडला. ओवी गणिताची शिक्षिका, तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. रोज संध्याकाळी एक उंचवटा. दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने, न चुकता. नवरा घरी यायच्या वेळी बायकोच्या भीतीचा उंचवटा. फक्त त्या एका संध्याकाळी तो नव्हता.

ओवीला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. आईने तिला पुढ्यात घेऊन सावकाश तेल लावलं होतं आणि लांबसडक वेणी घातली होती. एरवी त्या वेळेला आई तिला मागच्या खोलीत पिटाळायची. अपिलाच्या अर्जातही तिने हेच लिहिलं होतं, की जिच्या मनात खून आहे ती बाई मुलीची इतक्या मायेने वेणी घालत बसेल का?

"त्या दिवशी आईला भीती वाटली नाही," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "कारण आज काही होणार नाही, हे तिला माहीत होतं."

डॉक्टरांनी पडदा बंद केला.

"मग तुमचं यंत्र चुकलंय!"

"यंत्र चुकलेलं नाही. भीती खरीच आहे आणि नसलेली भीतीही खरीच आहे. कशाची भीती, तेवढं त्याला कळत नाही. आणि कायद्याला मागचं बघायची मुभा नाही."

"तुम्ही न्यायालयात सांगा ना हे!"

"खिडकीबाहेर बघितलं म्हणून मला सात वर्षं आत टाकतील, आणि हा पुरावा तरीही धरणार नाहीत." डॉ. मुजावर भिंतीकडे बघत बोलत होत्या. "मला मुलं आहेत, ओवीताई. मी भित्री आहे. असं समजा."

ओवी घरी आली ती थेट आत्यासमोर जाऊन बसली. विचारावं कसं, हे काही तिला सुचेना, पण आत्यानेच सुरुवात केली.

"कळलं वाटतं तुला."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

आत्याने पदर तोंडाला लावला. "जेवणं झाल्यावर मी परड्यातनं आत आले. रोहिणीनं माळ्यावरनं फवारणीच्या औषधाची बाटली काढली होती. माझ्याकडं बघितलं तिनं. ती बोलली नाही, मी बी नाही. मी आपली खोलीत जाऊन पडले. दुपारभर छाती नुसती धडधडत होती. वाटायचं उठावं, सांडावं ते ताक. नाही उठले. ती मात्र बाहेर तुझी वेणी घालत होती."

"मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं!"

"काय सांगू? तुझी आई होती ती. तू तिच्या नावानं जगत होतीस. आणि उदय माझा भाऊ होता गं, पाठचा. तो मेला तेव्हा मला आधी बरं वाटलं, मग रडू आलं. हे कुणाला सांगायचं?"

ओवीने तिचा हात हातात घेतला.

"मी सांगणार कोर्टात," ओवी म्हणाली. "आईनंच केलं म्हणून."

"खुळी हायस का? आईचं नाव धुऊन निघतंय ना? निघू दे. माझं काय राहिलंय आता?"

"तू राहिली आहेस."

आत्या यावर रडली. ओवीही रडली. पण तिचं ठरलं होतं.

डॉ. मुजावरांनी तिला फोनवर एक गोष्ट मात्र सांगितली, घाईघाईने आणि दबक्या आवाजात. या न्यायालयात साक्षीदाराचेही केस घेतात. साक्ष दिलेला दिवस त्वचेच्या वर यायला थोडे आठवडे लागतात, तेव्हा बोलावून मुळाशी कापून नेतात. साक्षीची आदली रात्र आणि तो दिवस वाचतात. खोटं बोलायचं ठरवून येणारा आधीच घाबरलेला असतो, असा सिद्धांत. "काही करा, पण घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

घाबरू नका! हे काय कुणाच्या हातात असतं? ओवीने जपाची माळ ओढली, दीर्घ श्वास घेतले, शाळेतल्या मुलांचे पेपर तपासले. छाती काही ऐकेना. आईच्या नावाने आयुष्यभर उभी राहिलेली ती, आता जाऊन आईलाच खुनी म्हणणार होती. ते बोलताना आपली जीभ वळेल का, नाही वळली तर आत्याचं काय होईल, वळली तर वर आईला काय वाटेल? सकाळी तिला उलटी झाली. तोंड धुताना आरशात केस दिसले आणि तिला ते उपटून टाकावेसे वाटले. पण केस काढून येणाऱ्याची साक्ष घेतच नसत.

न्यायाधीश वयस्कर होते, बोलायला सौम्य होते. ओवी पिंजऱ्यात उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. वडिलांची गाडी, आईचं कापरं, ती शांत संध्याकाळ, ती वेणी. "माझं अपील मी मागे घेते. माझ्या आईनंच बाबांना मारलं. आत्यानं काही केलेलं नाही," ती म्हणाली. आवाज थरथरला, पण एक शब्द खोटा नव्हता.

"अपील आता मागे घेता येत नाही," न्यायाधीश म्हणाले. "तुमची साक्ष मात्र आम्ही तपासू."

काही आठवड्यांनी एका शिपाईबाईने तिच्या मानेवरची एक बट मुळाशी कापून नेली. आणखी थोड्या दिवसांनी निकाल लागला. ओवीच्या केसात साक्षीच्या आधी सबंध रात्रभर तीव्र पूर्वभय होतं. म्हणून ती साक्ष खोटी, वाढवणाऱ्या आत्याला वाचवण्यासाठी दिलेली, असं न्यायालयाने धरलं. मुलीची माया समजण्यासारखी आहे, म्हणून खोट्या साक्षीची शिक्षा तिला माफ केली. रोहिणी उदय खराडे यांना संपूर्ण निर्दोष ठरवण्यात आलं आणि तिसऱ्या रेषेवरून खुनाचा दोष निमाआत्यावर आला. न्यायाधीशांनी उभं राहून मेलेल्या रोहिणीची सरकारच्या वतीने माफी मागितली, तेव्हा सगळं न्यायालय उठून उभं राहिलं. कुणीतरी ओवीच्या हातात पुष्पगुच्छ दिला. वार्ताहर विचारत होते, इतक्या वर्षांच्या लढ्यानंतर आज कसं वाटतंय? मागच्या बाकावरून दोन पोलीसबायका निमाआत्याला दंडाला धरून नेत होत्या आणि आत्या लुगड्याचा काठ पायात येऊ नये म्हणून तो वर धरून चालत होती.

शाळेत मुख्याध्यापकांनी सत्कार ठेवला. 'खुनी बाईची पोर' असं आता कुणी म्हणणार नव्हतं. ओवीला जे आयुष्यभर हवं होतं ते सगळंच्या सगळं मिळालं होतं. घरी आली की ती दिवा न लावता बसून राहायची. आपण डोळ्यांदेखत एका निरपराध बाईला आत पाठवलं आणि आता ती मरेल तेव्हा तिच्यासाठी अपील करायला मागे आपल्याशिवाय कुणी नाही, हे तिला कळत होतं. ते अपीलही केसांवरच चालणार होतं.

पहिल्या भेटीला परवानगी मिळाली तेव्हा तुरुंगाच्या दारात ओवीची झडती झाली. एका बाईने कात्रीने तिची एक बट कापली, पाकिटात घातली आणि वर तिचं नाव लिहिलं. आत जाळीपलीकडे आत्या बसली होती. एवढ्यात बरीच वाळली होती, पण केस नीट विंचरलेले होते.

"इथं केस कापू देत नाहीत," आत्या म्हणाली. "वाढवायचे आणि महिन्याला एक बट द्यायची. जेवण बरं हाय. तू जेवतीस का?"

ओवीने जाळी घट्ट धरली आणि तिचे ओठ थरथरायला लागले. मी तुला इथे आणलं, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं.

आत्या पटकन पुढे सरकली. तिने आधी मागे उभ्या पहारेकरणीकडे पाहिलं आणि मग जाळीतून ओवीच्या बोटांवर बोटं ठेवली.

"रडायचं तर रड गं," ती कुजबुजली. "पण भिऊ नको. अजिबात भिऊ नको. तुझे बी घेतात ना दारात, दर भेटीला?"